व्रजलालभाईंचा तपकिरी कोट

दुसऱ्याच्या अंगावरचा कपडा म्हटलं की व्रजलालभाईंच्या अंगावर काटा यायचा. कोणाचा घाम, कोणाचा रोग, मेलेल्याचाही असेल, असं ते इंग्लंडमधल्या लेस्टरच्या देवळात भजन संपल्यावर चारचौघांना ऐकवत. आणि एक दिवस धनगौरीने, त्यांच्या बायकोने, कपाटात जागा नाही म्हणून त्यांचा तपकिरी कोट कोपऱ्यावरच्या धर्मादाय दुकानात देऊन टाकला. युगांडातल्या जिंजा गावच्या शिंप्याने शिवलेला. तो देश सोडताना ते तो अंगावर घालूनच निघाले होते. आता तो हवा तर जुन्या कपड्यांच्या दुकानात शिरायचं!

दुसऱ्या दिवशी टोपी डोळ्यांवर ओढून ते शिरलेच. आपल्याच कोटाचे चार पौंड देऊन बाहेर पडतात, तो समोर देवळातले रसिकभाई उभे.

"माझाच आहे हो हा," व्रजलालभाई म्हणाले.

"आता तुमचाच की," रसिकभाई हळुवारपणे म्हणाले. "लाजायचं काय त्यात?"

घरी धनगौरीने कोट उंबरठ्यावरच अडवला. अगं, चाळीस वर्षं मीच घातलाय, असं त्यांनी परोपरीने सांगून पाहिलं.

"दुकानात किती जणांनी अंगात घालून पाहिला असेल, ठाऊक आहे?" ती म्हणाली.

कोट दोनदा धुतला गेला, त्यावर गंगाजल शिंपडलं गेलं, आणि मग तो मागच्या अंगणात तीन दिवस उन्हाची वाट बघत लटकला. लेस्टरचं ऊन ते, आलंच नाही.

तोवर व्रजलालभाईंवर जुने कपडे घ्यायची वेळ आली, ही बातमी रसिकभाईंनी चोख पोचवली होती. रविवारी देवळात व्रजलालभाईंच्या पानात न मागता दुसरा लाडू पडला. एका बाईंनी धनगौरीला बाजूला घेऊन, मुलगा हल्ली विचारत नाही का, असं विचारलं. सोमवारी दारात एक पिशवी सापडली. कोणाची, काही पत्ता नाही. आत इस्त्री केलेले तीन सदरे आणि एक निळा लोकरी स्वेटर.

धनगौरीचा पारा चढला. पिशवी तशीच त्या दुकानात टाकून येते म्हणून ती बूट चढवायला गेली. तेवढ्यात व्रजलालभाईंनी स्वेटर नुसता छातीला लावून पाहिला, आणि लावता लावता डोक्यातून घातलाही. बाह्या बरोबर मनगटापर्यंत आल्या. खोलीत गारठा होता. त्यांना तो काढवेना.

एका पायात बूट घालून ती दारात आली आणि तिने स्वेटरचे खांदे ओढून सारखे केले.

"खांद्यात छान बसलाय," ती म्हणाली. "पण देवळात घालून जायचं नाही. ज्याचा असेल तो ओळखेल."

व्रजलालभाईंनी मान डोलावली आणि सदऱ्यांच्या घड्या उलगडायला घेतल्या.