सगळ्यांनी मिळून शिवलेली गणितं

आमच्या दुकानात एक शर्ट एकटा माणूस कधीच शिवत नाही. कटिंग मास्तरांचं, शिलाई माझी, काज-बटणं काकूंची आणि इस्त्री मामांची. हे काकू-मामा काही नात्यातले नव्हेत, सवयीचे. कुणाचा हात अडला की दुसऱ्यानं काम ओढून घ्यायचं, अशी इथली रीत. शाळा उघडायच्या तोंडावर गणवेशांचा ढीग छातीला लागतो, तेव्हा ‘हे माझं काम नाही’ म्हणणाऱ्याला मी सरळ दार दाखवते.

सुट्टी लागली तशी माझी भाची दिवसभर दुकानातच असायची. भाऊ ट्रक चालवतो, पंधरा-पंधरा दिवस बाहेर, वहिनी नर्स. पोरीला आम्ही भिंगरी म्हणतो, एका जागी बसेल तर शपथ! शाळेनं तिला सुट्टीपुरता टॅब दिला होता, त्यात गणिताचं अ‍ॅप. रोज थोडा सराव करायचा. उत्तर बरोबर आलं की टॅबमधून टाळ्या वाजायच्या आणि पुढचं गणित जरा अवघड यायचं.

पहिल्याच दिवशी स्वारी भागाकारापाशी अडली.

“आत्या, चौऱ्याऐंशी भागिले सहा?”

माझ्या तोंडात टाचण्या. मी मास्तरांकडे बोट केलं. मास्तरांनी कात्री न थांबवता सांगून टाकलं, “चौदा.” टाळ्या वाजल्या. झालं! दुकानाला नवीन काम मिळालं. भागाकार मास्तरांकडे, वजाबाक्या काकूंकडे, घड्याळाची गणितं मामांकडे. अपूर्णांक आला तर माप बघायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा पडद्याआडून उत्तर द्यायचं. भिंगरीनं फक्त बटण दाबायचं. टाळ्या वाजल्या की आम्ही सगळे असे फुगायचो, जसा काही आमचाच पहिला नंबर आला.

भावाला मी फोनवर सांगायचे, “पोरगी हुशार निघाली रे, तुझ्यावर गेली नाही!” तो भेटेल त्या ड्रायव्हरला हेच सांगत सुटला होता. पोरीला आम्ही दोघांनी मिळून हरभऱ्याच्या झाडावर चढवली होती.

शाळा उघडायला आठवडा उरला असताना तिच्या बाईंचा फोन आला. अ‍ॅपमध्ये भिंगरी वर्गात सगळ्यांच्या पुढे होती म्हणे. पहिल्या दिवशी तिनं फळ्यापाशी उभं राहून इतरांना भागाकार समजावून सांगावा, असं बाईंच्या मनात होतं. मी आनंदानं दुकानभर ओरडले. मागे वळून बघते तर पोरगी गायब.

ती कटिंगच्या टेबलाखाली सापडली, चिंध्यांत, गुडघे पोटाशी घेऊन.

“अगं, इथे काय करतेस? बाहेर ये!”

“आत्या, तुम्ही सगळे याल ना माझ्याबरोबर शाळेत?”

“आम्ही कशाला?”

“मला भागाकार येतच नाही.” तिचे डोळे भरून आले. “बाबांना सांगू नकोस. त्यांनी सगळ्यांना सांगितलंय.”

माझं डोकंच फिरलं. मी मास्तरांवर खेकसले, “तुम्हाला कुणी सांगितला होता चोंबडेपणा?”

“तुम्हीच तर बोट केलंत,” मास्तर म्हणाले. पोरीचं तोंड बघवत नव्हतं. मी तशीच बाईंना फोन लावला आणि सगळं सांगून मोकळी झाले.

बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, “अहो, कोण कुठे अडतंय ते मला कळावं म्हणून तर हे अ‍ॅप. जी मुलं अडतील त्यांना मी शाळा सुटल्यावर घेऊन बसणार आहे. तुम्ही तिला कुठे अडूच दिलं नाहीत.” फळ्याचं त्यांनी रद्द केलं आणि भिंगरीचं अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून लावून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांच्या तोंडाला कुलूप घातलं. भिंगरी गणित वाचायची आणि मास्तरांचे ओठ हलायला लागायचे. मी डोळे वटारले की कात्री पुन्हा सुरू. काकू दोरा दातात धरून बसल्या. मामांना काही राहवेना, ते पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले ते गेलेच. पोरीनं कागदावर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, बटण दाबलं. टाळ्या नाहीत. उत्तर जिभेवर असून गप्प बसणं काय असतं, ते त्या दिवशी दुकानाला कळलं. तिनं नाक पुसलं आणि पुन्हा कागदावर वाकली.

संध्याकाळी भावाचा फोन आला. त्याला हळूहळू, घोळवून सांगू, असा माझा विचार. पण पोरीनं फोनच हिसकावून घेतला.

“बाबा, मला भागाकार येत नाही. आधीची सगळी उत्तरं दुकानाची होती.”

पलीकडून नुसती इंजिनाची घरघर. हा आता चिडतो की काय? मग गाडी बाजूला घेतल्याचा, बंद केल्याचा आवाज आला.

“आणि आज?” भावानं विचारलं.

“आज सात चुकली. पण सातही माझी मीच चुकवली, बाबा. कुणी मदत नाही केली!”

भाऊ असा खळखळून हसला की फोन कानाला न लावताही सगळ्यांना ऐकू आलं. मग म्हणाला, “शाब्बास! आता सगळ्यांना हे सांगतो.”

आणि त्या बाबानं खरंच सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलं.