ढोरफोडीचा माळ

महादेवराव पाटलांनी पाहुण्याचं आडनाव विचारलं, ‘इंगळे’ हे उत्तर ऐकलं आणि ओसरीवर सतरंजी टाकायला सांगितली. त्यांच्या भावजयीचं माहेर इंगळ्यांचं होतं. त्यामुळे पुढं काही विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

उत्तम इंगळेच्या ओठांवर पुढचं वाक्य आलं होतं. इंगळे बौद्धांतही असतात आणि मी त्यांतला आहे, एवढंच. पण मेहकरहून एसटीनं फाट्यापर्यंत आणि फाट्यापासून ट्रंक डोक्यावर घेऊन पायी, असा तो आला होता. ते वाक्य त्यानं दुसऱ्या दिवसावर टाकलं. दुसऱ्या दिवशी पाटलांच्या बायकोनं, अन्नपूर्णाबाईंनी, त्याला चुलीपाशी बसवून ज्वारीची गरम भाकर वाढली आणि ते वाक्य आणखी अवघड झालं.

एकोणीसशे अडुसष्टचा पौष होता. उत्तम औरंगाबादच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि गिधाडांवर प्रबंध लिहीत होता. सादडगावाजवळ पैनगंगेच्या काठी जुन्या अर्जुनसादड्याच्या झाडांची रांग आहे आणि तिच्यावर गिधाडांची घरटी आहेत, हे त्यानं ऐकलं होतं. घरटी होती, पण पूर्वीच्या मानानं फारच थोडी. पुष्कळशा फांद्यांवर नुसत्या काटक्यांचे जुने ढीग उरले होते. झाडांच्या अलीकडे एक ओसाड माळ होता. गावातलं मेलेलं जनावर तिथं ओढून न्यायचं, सोलायचं आणि बाकीचं गिधाडांना सोडायचं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. म्हणून त्याला ढोरफोडीचा माळ म्हणत.

माळाला लागून एक वांग्या-मिरचीचा मळा होता. दुर्बीण घेऊन बसलेल्या उत्तमकडे मळ्यातला माणूस सकाळपासून बघत होता. दुपारी तो बांधावर आला. साठीचा, अंगात खादीची बंडी, हातात खुरपं.

“काय पाहून राह्यले साहेब?”

“गिधाडं.”

“गिधाडं पाहाले सरकार पगार देते?”

उत्तम हसला. “सरकार नाही, कॉलेज देतं. तोही थोडाच. काका, तुमचं नाव?”

“भाऊराव.” तो हसला नाही.

“भाऊराव काका, या माळावर मेलेलं ढोर आता कोण आणतं?”

भाऊरावांचा चेहरा एकदम कठोर झाला. त्यांनी एकवार उत्तमच्या पायांतल्या बुटांकडे पाहिलं, मग लांब गावाच्या दिशेनं पाटलाच्या माडीकडे.

“हे विचाराले तुमाले कोणं लावलं?”

“कोणी नाही. माझ्या अभ्यासाला लागतं.”

“अभ्यास,” भाऊराव म्हणाले. “छप्पन साली नागपुराहून दीक्षा घेऊन आलो, तवापासून आमच्या वस्तीतल्या एकानंही मेल्या ढोराले हात लावला नाई. त्यापायी गावानं आमाले विहिरीवरून हाकललं, मळणीले बोलावणं बंद केलं. तवा कोणी अभ्यासाले आलं नाई. आता पाटलाच्या ओसरीवर उतरून तुमी आले, अन् पयलं तेच विचारून राह्यले.”

ते परत मळ्यात निघून गेले. तिथं त्यांची बायको जनकाबाई मिरच्या तोडत होती. ती दोघं हलक्या आवाजात काही बोलली आणि मग दोघांनीही उत्तमकडे पाठ केली.

त्या संध्याकाळी पाटील ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

“मंग, कमी झाली ना गिधाडं?”

“झाली आहेत.”

“काऊन झाली, ते मी सांगतो. हे लोक ढोर ओढत नाई म्हणून. आमचं मेलं ढोर आमीच गाडीत घालून टाकून येतो आता. हे तुमच्या कागदात येऊ द्या, इंगळेसाहेब. पेपरात छापून येऊ द्या. शिकलेल्या माणसानं लिहिलं म्हंजे वजन पडते.”

उत्तमला स्वतःचाच धाक वाटला, कारण पाटील म्हणत होते त्यात एक कण खरा होता आणि तो त्यानं त्याच दिवशी डोळ्यांनी पाहिला होता. पाटलांचाच एक म्हातारा बैल आदल्या दिवशी मेला होता. गड्यांनी तो गाडीतून नेऊन नाल्याच्या काठाशी टाकला होता, पार माळापर्यंत न्यायचाही कंटाळा केला होता. कातडं तसंच अंगावर. जाड कातडं गिधाडाच्या चोचीला सहज फाटत नाही. सोललेलं ढोर ती बघता बघता साफ करत. हा बैल मात्र फुगून पडला होता आणि गिधाडं माना आखडून भोवती नुसती बसून होती. त्यांच्यामधून गावची कुत्री फिरत होती, धष्टपुष्ट, पूर्वी नसतील एवढी.

हे लिहायचं तर कसं लिहायचं? त्याचे आजोबा बाळापूरकडे असंच ढोर ओढत मेले. वडिलांनी ते सोडलं, म्हणून तो शिकला. आता त्याच्याच हातचा कागद पाटील चावडीवर वाचून दाखवणार होते.

दोन दिवसांनी सकाळी तो झाडांकडे गेला आणि जागीच थांबला. झाडाखाली गिधाडं पडली होती. काहींचे पंख पसरलेले, काही गोळा होऊन. एक अजून जिवंत होतं. मान पाठीवर टाकून ते गोल गोल घसटत होतं. पलीकडे दोन कुत्री ताठरून पडली होती. नाल्याच्या डबक्याकाठी गिधाडांनी ओकून घाण केली होती. हवेत कपाशीवर मारायच्या औषधाचा उग्र वास होता.

तो वास त्यानं ओळखला आणि त्याच क्षणी त्याला आठवलं, की मळ्यातल्या भाऊरावांच्या उघड्या खोपीत आढ्याला त्याच औषधाचा, एन्ड्रिनचा, डबा टांगलेला आपण बांधावरून पाहिला आहे.

दुपारपर्यंत बातमी दुपटीनं वाढली. तुळशीराम नावाच्या शेतकऱ्याची गाय त्या डबक्याचं पाणी प्यायली आणि तडफडून मेली. माळावर गर्दी जमली. तुळशीराम कपाळावर हात मारत होता. महादेवराव पाटील मध्ये उभे होते.

“मळा कोणाचा हाय बाजूले? पाहा न तुमीच,” ते म्हणाले. “ढोराले विष घालाची यायची जुनी सवय. तवा चामड्यासाठी घालत, आता सूड म्हणून घालतात.”

गर्दीतल्या कोणीतरी हुंकार भरला. मेहकरच्या पोलीस जमादाराला निरोप द्यायचं ठरलं. भाऊराव मळ्यात उभे राहून हे सगळं ऐकत होते.

गर्दी पांगल्यावर उत्तम बांध ओलांडून गेला. जनकाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

“काका, एक विचारू? तुमच्या खोपीतला औषधाचा डबा…”

“तू बी?” भाऊराव म्हणाले. त्यांच्या बोलण्यातलं ‘साहेब’ गेलं होतं, ‘तुमी’ही गेलं होतं.

“मी संशय घेत नाही. डबा भरलेला असला तर उद्या जमादारासमोर तोच पुरावा होईल. मला फक्त बघू द्या.”

“नाई दाखवत. आमची झडती घेणारे कमी हायत काय, की त्यात तुही भर?”

“काका, मी आपल्यातलाच आहे. बौद्ध आहे मी.”

भाऊरावांना आनंद होईल असं उत्तमला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

“पाटलाले माहीत हाय?”

उत्तमनं नकारार्थी मान हलवली.

“मंग त्याच्या चुलीपाशी जेवतो कसा? दोघांतल्या एकाले तू फसवून राह्यला, बाबा. त्याले, नाई तर आमाले. मले काय ठाव कोणाले?”

उत्तम परत आला तो मान खाली घालून. त्याच्या मनातला संशय मात्र पुरता गेला नव्हता. या माणसाला त्या माळाचा वास नको होता, ती गिधाडं नको होती, गावाची ती आठवण नको होती. डबा दाखवायला काय हरकत होती?

अन्नपूर्णाबाईंनी ताट वाढलं. त्याला घास उतरेना. त्या म्हणाल्या, “जेवा ना भाऊ. मेल्या पाखरांसाठी कायले जीव जाळता? कुत्री तरी मेली, हे बरं झालं. माया नातवाले चावलं व्हतं त्यातलं एक. चौदा सुया दिल्या लेकराले बेंबीपाशी. तवाच ह्यायनं म्हटलं, आता ठेवतच नाई एकाले. बैल मेला तसा गड्याले सांगून त्याच्या पोटात औषध भरलं. आता पाखरं त्यात मरतीन, गाय मरीन, हे कोणाले सुचलं व्हतं?”

त्या अगदी सहज बोलून गेल्या. बाहेर आपला नवरा काय बोलून आला होता, हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

उत्तम ताटावरून उठला आणि तोंडाला रुमाल बांधून सरळ नाल्यावर गेला. बैलाची एक बाजू कुत्र्यांनी उघडली होती. दुसऱ्या बाजूला, बरगडीखाली, कातड्यावर सुतळीचे टाके होते. कापसाचं पोतं शिवावं तसे, दाभणानं घातलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहकरहून जमादार आला. त्याच्यासाठी माळावर खाट टाकली. पाटील सांगत होते, जमादार लिहीत होता. भाऊरावांना समोर उभं केलं होतं आणि खोपीतला डबा त्यांच्या पायाशी आणून ठेवला होता. तो निम्मा भरलेला होता. गावातल्या दर कपाशीवाल्याच्या घरी तसा एक असणार, पण तिथं दिसत होता तो एकच.

उत्तम पुढं झाला. अन्नपूर्णाबाईंचं नाव त्याच्या जिभेवर होतं. ते घेतलं तर प्रश्न लगेच मिटला असता आणि त्या घरात त्या बाईचे हाल झाले असते. त्यानं ते गिळलं.

“जमादारसाहेब, आधी बैल बघा,” तो म्हणाला. “पोट कापून औषध आत भरलंय आणि वरून सुतळीनं शिवलंय.”

जमादार नाक दाबून गेला, बघून आला. “शिवलेलं हाय खरं.”

“मंग? ह्यानंच शिवलं असन,” पाटील म्हणाले.

“पाटील,” उत्तम म्हणाला, आणि त्याच्या तोंडातली कॉलेजातली भाषा कुठल्या कुठं गेली, “हे लोक मेल्या ढोराले हात लावत नाई, हेच तर तुमचं गाऱ्हाणं हाय ना? बारा वर्सं तेच सांगून राह्यले. मंग ह्या माणसानं ढोराच्या पोटात कोपरापर्यंत हात कसा घातला? बैल तुमचा. गाडी तुमची. टाकणारे गडी तुमचे. त्यायले इथं बोलवा अन् इचारा.”

तुळशीराम हळूच वळून पाटलांकडे बघायला लागला. पाटलांचा एक गडी मागच्या मागं निघाला होता. तुळशीरामनं त्याचा दंड धरला.

“तू कोण बे मले इचारणारा?” पाटील ओरडले. “माया घरचं खाऊन!”

“खाल्लं, हे खरं. मी पयल्याच दिवशी सांगाले पाह्यजे व्हतं. मी इंगळेच हाय, पण तुमच्या वहिनीच्या माहेरचा नाई. मी बौद्ध हाय.”

पाटलांचा हात वर गेला आणि जमादाराला बघून तसाच खाली आला. गड्यानं धरलेला दंड सुटायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. जमादारानं लिहिणं थांबवलं. पुढं काही खटला झाला नाही. पाटलांनी तुळशीरामाला आपल्या गोठ्यातली गाय दिली आणि प्रकरण गावातच मिटलं. गिधाडांबद्दल कोणी कोणाला काही विचारलं नाही.

उत्तमची ट्रंक पाटलांच्या दाराबाहेर आणून ठेवलेली होती. अन्नपूर्णाबाई दारात आल्या नाहीत. आतून एकदा बांगड्या वाजल्या. त्यांनी त्याला दोषी धरलं की माफ केलं, हे उत्तमला कधीच कळलं नाही.

तो ट्रंक घेऊन बांधापाशी आला. भाऊराव डबा परत आढ्याला टांगत होते.

“आता पाहाचा हाय काय डबा?”

“नाही काका.”

“खोपीत झोप. एसटी उद्या हाय.”

जनकाबाईनं वांग्याची भाजी वाढली. जेवता जेवता उत्तमनं मनातलं सगळं सांगितलं: कातडं, गिधाडांची चोच, वाढलेली कुत्री, मग विष. “हे मी लिहिलं, तर पाटील म्हणतील, पाहा, ह्यांनी काम सोडलं म्हणून झालं.”

“खोटं हाय काय?” जनकाबाईनं विचारलं.

“पुरतं खोटं नाही.”

“मंग ज्याचं ढोर, त्यानं सोलावं. त्याले हात नाई? जल्मभर गाईचं दूध तो प्याला, बैल नांगराले त्यानं जुंपला. हे लिवशील?”

“लिहीन.”

“लिवशील तवा इथं येऊन वाचून दाखव,” भाऊराव म्हणाले. “तवरोक मी कायी मानत नाई.”

पुढच्या हिवाळ्यात उत्तम प्रबंधाचा कच्चा मसुदा घेऊन आला. नदीकाठच्या सादड्यांवर आता मोजकी घरटी होती, तीही पार टोकाच्या झाडांवर. त्यानं मळ्यात बसून ते प्रकरण सोपं करून वाचलं. भाऊराव हातातलं खुरपं बाजूला ठेवून ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला.

“ते पुन्हा वाच.”

“‘जनावरे ओढून नेण्याची व सोलण्याची प्रथा बंद पडल्यामुळे…’”

“प्रथा कोणं म्हटलं तुले? पूजा व्हती काय ते? सक्ती व्हती.”

उत्तमनं पेन काढलं, ‘प्रथा’ खोडलं आणि वर ‘सक्ती’ लिहिलं. मग ते वाक्य त्याचं त्यालाच नीट लागेना, म्हणून त्यानं ते सबंध नव्यानं लिहायला घेतलं. भाऊराव त्याच्या खांद्यावरून कागदाकडे बघत उभे राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी ते वाक्य पुरं होईपर्यंत जागचे हलले नाहीत.