शून्यावर आणलेली म्हातारी

स्वच्छ पाणी हा सजीव सृष्टीचा आधार आहे. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या पाणीपुरवठा खात्यात लिंड्से गॉरीने चौतीस वर्षं याच श्रद्धेवर काढली. निवृत्त झाल्यावर त्याने काचेच्या टाकीत प्रवाळ पाळायला घेतलं. प्रवाळाला ही श्रद्धा कोणी कळवलेली नव्हती.

आमच्या प्रवाळ मंडळात अकरा सभासद आहेत आणि एक म्हातारी. म्हातारी म्हणजे जांभळ्या टोकांचं, फांद्याफांद्यांचं एक थोराड प्रवाळ. आमच्या सगळ्यांच्या टाक्यांत वाढतात ते तिचेच कापून दिलेले तुकडे. ती स्वतः दर वर्षी एकाच्या घरी मुक्कामाला असते. क्लाइव्हकडे असताना तिची एक बाजू मेली, त्याला नऊ वर्षं झाली. मधल्या काळात क्लाइव्हने दोन मुलींची लग्नं लावली, नगरपालिकेची एक निवडणूक जिंकली. तरी नव्या माणसाशी ओळख करून देताना आम्ही ‘हा क्लाइव्ह, याच्या घरी तिची बाजू गेली’ असंच सांगतो.

यंदा पाळी लिंड्सेची होती. “काहीही होवो,” तो मला म्हणाला, “मला क्लाइव्ह व्हायचं नाही.”

समुद्र त्याच्या घरापासून चार गल्ल्यांवर आहे. पण लिंड्से खारं पाणी घरी बनवायचा. नळाचं पाणी चार गाळण्यांमधून काढायचं आणि त्यात परदेशी पाकिटातलं मीठ ढवळायचं. “समुद्रात लोक पोहतात,” एवढंच तो म्हणे. पुढचं आपण समजून घ्यायचं. दर रविवारी टाकीतलं पाचवा हिस्सा पाणी बदलायचं, तपासणीच्या बाटल्यांमध्ये थेंब टाकून घाण मोजायची आणि आकडा फ्रिजवरच्या तक्त्यात लिहायचा. आकडा शून्य असे. शून्य लिहिताना त्याचा चेहरा उजळायचा.

मार्चमध्ये म्हातारीचा रंग उडायला लागला. लिंड्सेने आठवड्यातून दोनदा पाणी बदललं. ती आणखी फिकटली. मग एक दिवसाआड. शिवाय पाण्यातली घाण फेसाबरोबर उपसून काढणारं नवं यंत्र आणलं. त्याचा आवाज सर्दी झालेल्या म्हशीसारखा होता. एप्रिल संपेपर्यंत म्हातारी उकडलेल्या बटाट्याच्या रंगाची झाली.

क्लाइव्ह बघायला आला. बराच वेळ काचेला नाक लावून उभा राहिला.

“लिंड्से, हिला खायला काही मिळतं का रे?”

“मासे आहेत की. त्यांची घाण हिला पुरते.”

“ते मासे? त्यांचीच हाडं मोजता येतायत.”

“जास्त घातलं की पाणी बिघडतं.”

“अरे बाबा, बिघडू दे थोडं! सगळंच उपसलंस तर ती खाणार काय, तुझा तक्ता?”

“हे मला कोण शिकवतंय? क्लाइव्ह?”

“म्हणून तर शिकवतोय. मीपण शून्यावरच आणलं होतं.”

हे आम्हाला नऊ वर्षांत ठाऊक नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. लिंड्सेने ऐकून घेतलं आणि क्लाइव्ह गेल्यावर पाणी बदललं.

मेमध्ये त्याच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं. ब्रिस्बेनला जाऊन पाच आठवडे राहायचं होतं, आणि तो परतायचा त्याच दिवशी मंडळाची वार्षिक पाहणी. चार्टर्स टॉवर्सहून त्याची थोरली बहीण थेल्मा घर सांभाळायला आली. लिंड्सेने तिच्या हाती अकरा पानी सूचना ठेवल्या. रोज संध्याकाळी फोन.

“थेल्मा, पाणी?”

“सगळं कागदाप्रमाणे चाललंय रे. तू पाय हलव.”

पाहणीच्या दिवशी लिंड्से काठी टेकत टॅक्सीतून उतरला, तेव्हा आम्ही सगळे त्याच्या बैठकीत टाकीपुढे उभे होतो. त्याने आमचे चेहरे पाहिले आणि दारातच चौकट धरली.

“गेली?”

कोणीतरी बाजूला झालं. काचेवर हिरवट साय होती. मासे गरगरीत झाले होते. आणि म्हातारी फांदीफांदीच्या टोकापर्यंत जांभळी होती.

लिंड्से टाकीपाशी गेला. मग काठी सावरून भाषणाला सुरुवात केली. “मित्रहो, नियमित पाणी बदलण्याला पर्याय नाही. काही जणांनी मला इथे येऊन...”

“कोणी बदललं?” स्वयंपाकघरातून थेल्मा म्हणाली. “मी एक बादली उचलली नाही. माझी कंबर बघ.”

“आणि... यंत्र?”

“ते म्हशीसारखं ओरडणारं? पहिल्याच दिवशी बंद केलं. टीव्ही ऐकू येईना.”

“सूचना कुठायत?”

“कोळंबीची सालं गुंडाळली. आणि हे मासे, लिंड्से! उपाशी मारत होतास त्यांना. माझ्याकडे टक लावून बघायचे, जेवण जाईना मला. मग मी खाईन ते थोडं त्यांना. कोळंबी, मासळी, दिवसातून तीनदा.”

क्लाइव्हने खिशातून बाटल्या काढून पाणी तपासलं. आकडा शून्यापासून बराच लांब होता. तो त्याने खणखणीत आवाजात दोनदा वाचला. त्याचं वय दहा वर्षांनी कमी झाल्यासारखं दिसत होतं.

सभेत ठराव झाला: म्हातारी आणखी एक वर्ष याच घरात राहील, मात्र थेल्माही राहील. लिंड्सेने विरोध केला नाही. अध्यक्षांनी उभं राहून थेल्माला विचारलं, की या नाजूक जिवाची जबाबदारी ती घेईल का.

“कुठला जीव?” थेल्मा म्हणाली.

अध्यक्षांनी म्हातारीकडे बोट दाखवलं. थेल्माला पाच आठवडे तो शोभेचा दगड वाटत होता.