पुसलेली जोडी

अकरा दिवस झाले, वहिनीनं माझा आलेख परत दिला नव्हता.

आलेख म्हणजे अठ्ठावीस ठिपके, प्रत्येकातून निघालेल्या चार रंगांच्या चार रेघा. ठिपका म्हणजे चार त्रिकोणी तोंडांचा ठोकळा. रंग सांगतो कुठलं तोंड, रेघ सांगते ते कुणाला चिकटवायचं. सगळं चिकटलं की एक अवकाश बनतं. माझं अवकाश माहीत असलेल्या अवकाशांच्या कुठल्याच यादीत नव्हतं, आणि माझा प्रबंध त्याच्यावरच उभा होता. तपासायला दिलं कुणाकडे, तर अशा याद्या करणाऱ्या माझ्याच वहिनीकडे.

"झालं का गं?" मी जेवताना विचारायचे.

"बघतेय," म्हणून ती माझ्या ताटात वाढायची. दादा म्हणायचा, "ठिपके जरा झाकून ठेवा, जेवू द्या."

आज दुपारी ती वर्गावर गेली आणि मी तिच्या खोलीत शिरले. टेबलावर माझा आलेख, त्याखाली तिच्या हातचे कागद. दर कागदावर दोन ठिपके कमी. शेवटचा आठ ठिपक्यांचा, तिच्या यादीला टाचलेला. माझंच लेकरू, दुसऱ्याच्या झबल्यात.

"शोधतेस काय?" वहिनी दारात उभी होती.

"माझं काय काय घेतलंस ते."

ती खुर्चीत बसली. "अवकाश न बदलता दोन-दोन ठिपक्यांच्या जोड्या पुसत गेले. उरलं ते यादीतलं जुनंच अवकाश निघालं. तुला सांगायला जीभ रेटेना."

इतकी माया मला पचेना. "एकेक जोडी बघणार मी."

"बघ. हवं तर पोलीस बोलाव."

लाल आणि निळ्या रेघेनं बांधलेली जोडी पुसायची, तर तिच्यातल्या एका ठिपक्यापासून हिरवी-पिवळी, हिरवी-पिवळी चालत घरी परत यावं. वाटेत जोडीतला दुसरा भेटला तर हात लावायचा नाही, अवकाशच बदलू शकतं. मी बोटानं चालत गेले. तिच्या पाचव्या कागदावर, अठरा ठिपक्यांत, हिरवी, पिवळी, हिरवी... आणि दुसरा वाटेतच बसलेला.

"ही पुसलीस?"

वहिनी वाकली. तीच वाट दोनदा चालली. तिचा चेहरा उतरला. "चुकलं माझं."

हे ती दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवते.

"चुकलं, की..."

"की काय? बोल ना."

मी त्यापुढचे कागद बाजूला केले. अठरा ठिपके उरले; अजून नवं असू शकत होतं माझं अवकाश.

तिनं रंगीत पेनं माझ्याकडे सरकवली. "पुढची जोडी तू पूस. मी बघते."

"नको," मी पेनं परत सरकवली. "तू पूस. बघते मी."