वीस चकत्या

"आपोआप फुटलं म्हणजे काय बाई? टेबल काय फुगा आहे आपोआप फुटायला?" मालक फोनवर हसत बोलत होते, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. "गरम भांडं ठेवलं असणार तुम्ही. आठवून बघा जरा."

पलीकडचा आवाज इतका चढलेला होता, की खाली बसून खुर्चीचा पाय आवळणाऱ्या पानेकाकांना शब्द न् शब्द ऐकू येत होता. टेबलावर काहीही नव्हतं. जवळपास कोणीही नव्हतं. भर दुपारी बागेत बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. बाई धावत खिडकीशी आल्या, तर टेबलाचा नुसता लोखंडी सांगाडा उभा आणि काच खडीसाखरेसारखी गवतभर पसरलेली.

"दहा मिनिटं आधी माझी सून तिथे बाळाला भरवत बसली होती हो!" बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फाटला.

मालकांनी कसंबसं समजावून फोन ठेवला. "यंदा ऊनच असं आहे, काका. माणसं चक्कर येऊन पडतायत, काच बिचारी काय करणार!"

पानेकाका हसले नाहीत. "पत्ता कुठला म्हणाल्या?"

मालकांनी पत्ता सांगितला आणि काकांच्या हातातला पाना जागच्या जागी थांबला.

फर्निचरच्या या दुकानात त्यांना एकतीस वर्षं झाली होती. मागच्या खिशात कायम पाना, म्हणून पानेकाका. कपाट असो की पलंग, त्यांनी जोडलेली वस्तू कधी कुरकुरली नाही, असा लौकिक होता. बागेतली काचेची टेबलं तर डोळे मिटून बसवावीत अशी. लोखंडी चौकट, चार कोपऱ्यांना चार पकडी, आणि प्रत्येक पकडीत काच आणि लोखंड यांच्या मधे एक रबराची चकती. चकती असते रुपयाएवढी, पण सगळा खेळ तिचाच. ही भाजून कडक केलेली काच मधोमध हातोडीलाही दाद देत नाही, पण कडेला मात्र हळवी असते. चकती नसली की लोखंड थेट तिच्या कडेला चावतं. थंडीत काही कळत नाही. उन्हाळ्यात लोखंड तापून फुगतं, काचेला हलायला जागा उरत नाही, आणि मग एक दिवस तिचा धीर सुटतो.

थंडी संपता संपता पाच टेबलं आली होती, त्यांच्या खोक्यांत चकत्यांची पाकिटंच नव्हती. "आता तशीच बसवून द्या, रबर आलं की जाऊन घाला," मालक म्हणाले होते. काकांनी तशीच बसवली. आठ दिवसांनी वीस चकत्यांचं पाकीट आलं. त्याच सुमारास काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणता म्हणता ते पाकीट काकांच्या हत्यारांच्या पिशवीत तळाला गेलं.

"मालक, ते त्या पाचांतलं आहे."

मालकांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "कोणाला लागलं का? नाही ना? मग! झाकली मूठ सव्वा लाखाची."

"चार घरं राहिलीत अजून."

"म्हणून काय घरोघर जाऊन सांगणार, आमचं टेबल फुटणारे म्हणून? उद्या दुकानात कुत्रं फिरकायचं नाही. आणि सगळीच थोडी फुटतात!"

ते खरं होतं. फुटतील किंवा फुटणारही नाहीत. पण संध्याकाळी घरी जाताना काकांना दुसरं काही सुचत नव्हतं. अंगणात बसलेला जो तो माणूस त्यांना काचेच्या टेबलाशी बसलेला दिसत होता.

घरी ते ताटावर नुसते बसून राहिले. काकूंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. मग काकांनीच सांगितलं.

"तुझ्या डोळ्याच्या गडबडीत राहून गेलं बघ," शेवटी ते म्हणाले.

काकूंनी भांडं खाली ठेवलं. "डोळा पंधरा दिवसांत बरा झाला माझा. त्यालाही दोन महिने झाले."

काकांनी पिशवीच्या तळातून ते पाकीट काढून समोर ठेवलं.

"तुम्हाला बोल लावत नाही मी. पण माझ्या डोळ्यावर ढकलू नका. सकाळी लवकर निघा. ऊन चढायच्या आत उरकेल."

सकाळी काकांनी दुकानात कळवलं, "आज येत नाही, काम आहे." काल निघताना दुकानातल्या पोचपावत्यांच्या वहीतून उतरवलेले चार पत्ते वरच्या खिशात घालून ते निघाले.

पहिलं घर निवृत्त मास्तरांचं. त्यांनी काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आमची तक्रार नाही, आम्ही बोलावलं नाही, आणि तुम्ही दुरुस्तीला आलात? एकतर तुम्ही फार सज्जन आहात, नाहीतर काहीतरी पाणी मुरतंय."

"मुरतंय, सर," काका म्हणाले, आणि काय ते सांगून टाकलं.

दोघांनी मिळून काच उचलली. एका कोपऱ्यात, अगदी कडेला, नखाएवढा टवका उडालेला होता. लोखंडाच्या चाव्याची खूणच ती. काकांनी त्यावरून बोट फिरवलं. ती काच त्यांनी परत बसवलीच नाही. गोणपाटात गुंडाळून सावलीत भिंतीला टेकवली.

"म्हणजे चांगलं टेबल मोडून चाललात!" मास्तर म्हणाले.

"नवी काच मी आणून देईन. तोवर हिच्याजवळ कोणी जाऊ नका."

दुसऱ्या घरी दातांच्या डॉक्टरांच्या आई एकट्याच होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं.

"काच, आजी, काच!" काका ओरडून सांगत होते.

"जाच? कोणाचा जाच? छे हो, सून लाखात एक आहे माझी!"

एरवी काका पोट धरून हसले असते. आज त्यांनी नुसतं टेबलाकडे बोट दाखवलं, चार चकत्या घातल्या, काचेच्या चारही कडा दोनदा तपासल्या आणि आजींनी पुढे केलेलं पाणी उभ्याउभ्याच संपवलं. तिसऱ्या घरचं टेबल ओसरीत सावलीला होतं, ते काम पटकन झालं. तोवर अकरा वाजून गेले होते. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं.

चौथ्या घराला कुलूप होतं.

"ते तर गेले हो, महिना झाला," शेजारची बाई कपडे वाळत घालता घालता म्हणाली. "टेबल? ते दिलं ना त्यांनी मागच्या गल्लीतल्या पाळणाघराला. मुलं पाण्याशी खेळतात त्याच्यावर. उकाड्यात बरं पडतं बिचाऱ्यांना."

काकांनी आभार मानले की नाही, ते त्यांना नंतर आठवेना. अठ्ठावन्नाव्या वर्षी, हातात लोखंडाची पिशवी घेऊन, भर उन्हात ते पळत सुटले.

पाळणाघराचं फाटक नुसतं लोटलेलं होतं. आत फरशीचं अंगण. अंगणाच्या मधोमध ते टेबल, डोक्यावर ना झाड ना छप्पर. टेबलावर पाण्याने भरलेलं प्लास्टिकचं घमेलं, त्यात डबे, झाकणं, एक लाल होडी. आणि भोवती कडेला हनुवट्या टेकवून, कोपरं टेकवून पंधरा-वीस मुलं. एकाने तर दोन्ही हातांनी काच धरून झोके घ्यायला सुरुवात केली होती.

"ताई," काकांनी पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना हाक मारली. "मुलांना आत घ्या."

"कोण हवंय तुम्हाला?"

"आधी आत घ्या. मग सगळं सांगतो. ती काच फुटेल."

ताई काहीतरी विचारणार होत्या, पण काकांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी तोंड मिटलं. दोन टाळ्या वाजवल्या. "चला रे! बघू कोण आधी आत जातं! होडी राहू दे, होडी राहू दे..."

मुलं ओल्या, अनवाणी पायांनी धावली. झोके घेणारा काही हात सोडेना. ताईंनी त्याला उचललाच. दार लागलं.

काकांनी काचेवर तळहात ठेवला आणि चटकन उचलला. तव्यासारखी तापली होती, आणि घमेल्याखाली मात्र गार. त्यांनी घमेलं एकदम उचललं नाही. डब्याने थोडं थोडं पाणी काढून ते हलकं केलं, मग अलगद बाजूला घेतलं. पहिल्या पकडीचा स्क्रू सैल केला. काही झालं नाही. दुसरा सैल केला. घाम डोळ्यांत उतरत होता, पण तो पुसायला हात मोकळा करायची त्यांची हिंमत होईना. तिसऱ्या स्क्रूला त्यांनी पान्याने जेमतेम पाव वेढा दिला असेल.

बार झाला.

क्षणभर त्यांना कळलंच नाही की आवाज बाहेर झाला की त्यांच्याच डोक्यात. डोळे उघडले तेव्हा हातात पाना होता आणि समोर टेबलाचा नुसता सांगाडा. काच फाटकापर्यंत उडाली होती. मनगटावर चार-पाच ठिकाणी रक्ताचे बारीक थेंब उमटत होते. आत एक मूल रडायला लागलं, मग दुसरं.

ताई बाहेर आल्या. पायरीवरच थांबल्या. चौकटीच्या चारी बाजूंना, जिथे मुलं उभी होती तिथे, काचेचा थर पडला होता.

"नऊपासून इथेच होती मुलं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "कोणी बसवलं होतं हे?"

दुकानातून बसवलं, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"मी," काका म्हणाले. "रबर घालायचं राहिलं. अडीच महिने पिशवीत पडून होतं, माझ्याच."

ताई आत गेल्या, फडकं घेऊन आल्या आणि ते काकांच्या हातात न देता पायरीवर ठेवलं. "एक वाजता आईबाप येतील न्यायला. काय सांगू मी त्यांना?"

"तुम्ही काही सांगू नका. मी थांबतो. मी सांगतो."

मनगटाला फडकं बांधून त्यांनी मालकांना फोन लावला. मास्तरांची काच, आजींचं टेबल, हे टेबल, सगळं क्रमाने सांगितलं.

"आणि त्यांना काय सांगितलंत तुम्ही?"

"झालं ते."

"मग आता उद्यापासून घरीच थांबा, काका," मालक म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"बरं," काका म्हणाले.

त्यांनी झाडू मागून घेतला. अंगण एकदा झाडलं, दुसऱ्यांदा झाडलं, मग ओल्या फडक्याने फरशीच्या सांधी पुसून काढल्या. आत ताई मुलांना कसलीशी गोष्ट सांगत होत्या. मधेच खिडकीच्या गजांतून झोके घेणारा तो मुलगा बाहेर डोकावला. "होडी फुटली?" त्याने विचारलं.

"नाही रे बाळा. होडी आहे," काकांनी सांगितलं.

पायरीच्या कडेने मुलांच्या चपला आणि बूट ओळीने लावलेले होते. काच तिथवर उडाली होती. काका खाली बसले. पहिला बूट उचलून त्यांनी उपडा केला, झटकला. एक तुकडा टण्णकन फरशीवर पडला. मग आत बोट घालून बघावं म्हटलं, तर त्यांचं कामाने जाड झालेलं बोट त्यात शिरेना. शेवटी करंगळी घातली. टोकापर्यंत, शिवणीच्या कडेकडेने, सावकाश फिरवली. बूट परत जोडीने ठेवला आणि दुसरा उचलला.

फाटक वाजलं. कुणाची तरी आई लवकर आली होती. पर्स सावरत ती घाईने दोन पावलं आत आली आणि तो सांगाडा बघून थबकली.

"काय झालं?" तिने विचारलं.

काका गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले. हातात कुठल्यातरी मुलाचा डावा बूट होता, अजून तपासायचा राहिलेला.