पुढची काच

सकाळी पावणेनऊला बाबांनी टेबलावरच्या पारदर्शक पेटीचं झाकण उघडलं आणि थोरल्या लेकीला हाक मारली. हाकेत राग नव्हता, म्हणून ती घाबरली.

पेटीत आईची बस होती. आई एकतीस वर्षं शहराच्या बससेवेत चालक. आज तिची शेवटची पाळी होती आणि चारला ती घरी येणार होती. घड्याळदुरुस्तीतून निवृत्त झालेल्या बाबांनी तिला पत्ता लागू न देता आठ महिने खपून तिच्या गाडीची प्रतिकृती केली होती, खऱ्या गाडीचा त्रेचाळिसावा हिस्सा, वीतभराहून जरा लांब. चालकाच्या जागेवर अंगठ्याच्या पेराएवढी आई बसवली होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोक्यावर अंबाडा. पुढच्या काचेतून ती दिसावी, एवढ्यासाठीच सगळा खटाटोप.

ती दिसत नव्हती. प्लॅस्टिकच्या नऊच्या नऊ काचा आतून पांढऱ्या पडल्या होत्या.

"काल डावीकडची तिसरी खिडकी निघाली होती," थोरली म्हणाली. "मी चिकटवली."

"कशाने?"

"लॅबमधल्या सुपरग्लूने. दोन सेकंदांत बसली."

"आणि मग?"

"धूळ नको म्हणून झाकण लावलं."

थोरली कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. काम संपलं की झाकण लावायचं, ही तिथली शिस्त. पण सुपरग्लू सुकताना वाफ सोडतो. त्या वाफेला बाहेर जायला वाट मिळाली नाही, तर ती जवळच्या गुळगुळीत प्लॅस्टिकवर पांढरी होऊन बसते. पेटी उघडी राहिली असती, तर एखादी खिडकी गेली असती. नीटनेटकेपणापायी नऊ गेल्या.

"आता काय करायचं, बाबा?"

"आईला सांगू, धुकं पडलंय, गाडी उशिरा सुटेल."

थोरलीला हसू आलं नाही. बाबांनी चष्म्यावर भिंग चढवलं.

उरलेल्या आठ काचा त्यांनी पांढऱ्या गोंदाने बसवल्या होत्या. तो सुकायला वेळ लावतो म्हणून थोरली आठ महिने त्यांना चिडवत आली होती. पण तो पाण्याने मऊ पडतो. बाबांनी बारीक ब्रशने पुढच्या काचेच्या कडेने पाणी फिरवलं, दहा मिनिटं थांबले, पुन्हा फिरवलं. मग कडेखाली पातं सरकवलं. टक् असा आवाज झाला. दोघांनी श्वास रोखला.

काच अख्खी हातात आली.

"कवळीवाल्या बाई," बाबा म्हणाले, "आता तुमचं खातं."

"मशीन नको, गरम होऊन वितळेल," थोरली म्हणाली. "हातानेच घासते." तिने सर्वांत बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवला आणि काचेची आतली बाजू एकाच दिशेने घासली. काच आणखी पांढरी झाली.

"हे काय?"

"कवळ्याही आधी अशाच दिसतात. बघत राहू नका, दुसरी काढा."

मग तिने कवळ्यांना शेवटची चकाकी देणारी पेस्ट मऊ कापडावर घेतली. पंचवीस मिनिटांनी काच उजेडात धरली, तेव्हा तिच्यातून बाबांच्या नाकावरचा तीळ दिसला.

"तीळ स्वच्छ दिसतोय," तिने कळवलं.

"तो माझ्या अंगावरचा सर्वांत स्वच्छ भाग आहे."

त्यानंतर टेबलावर गप्पांना खंड नव्हता. बाबा काचा काढत होते, थोरली घासत होती आणि दोघं एकमेकांना "हळू, हळू" म्हणत होते. तीनपर्यंत सात खिडक्या परत बसल्या. सुपरग्लूची तिसरी खिडकी मात्र हलली नाही. जोर केला तर गाडीची बाजू फुटली असती. ती तशीच पांढरी राहिली.

तीन वाजून वीस मिनिटांनी बाबा पुढच्या काचेच्या कडेला गोंद लावत होते, तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

"लवकर सोडलं मला," आई दारातून म्हणाली. "म्हणाले, आज तरी वेळेआधी जा." मग तिला टेबल दिसलं. तिने पिशवी खाली ठेवली. खाली वाकून गाडीचा नंबर वाचला. मागचा चेपलेला बंपर बघितला.

"हासुद्धा चेपलात?"

"तू चेपलास. मी नोंद ठेवली," बाबा म्हणाले आणि काच जागेवर टेकवली. "धर इथे. दाबू नकोस."

आईने दोन बोटांनी काच धरली. कडेने गोंद पांढरा फुगून आला होता आणि तो काचेवर पसरून नेमका चालकाच्या समोर आला होता.

"आत कोण आहे?"

"सुकला की दिसेल. अर्धा तास."

एकतीस वर्षं लोक तिच्या गाडीची वाट बघत आले. आता ती गणवेशातच स्टुलावर बसली आणि वाट बघू लागली. मध्येच तिचं लक्ष पांढऱ्या खिडकीकडे गेलं.

"ही का अशी?"

"माझी चूक," थोरली म्हणाली.

"असू दे. तिथला प्रवासी काचेला तोंड लावून झोपलाय. उठवू नकोस."

गोंद कडेकडून निवळत गेला. आधी स्टिअरिंग दिसलं, मग दोन हात, मग अंबाडा. आईने मान तिरकी केली.

"अहो, मी एवढी बारीक कधी होते?"

"आत जागा कमी होती," बाबा म्हणाले.

आईने काचेवरून बोटं उचलली. काच जागेवर राहिली.