लाल चिठ्ठी

"कार्ड नाहीये," मी म्हणाले आणि खण पुन्हा पहिल्यापासून चाळायला लागले.

छापखान्याचा माणूस दारात ताटकळत उभा होता. बाराच्या आत पान हवं, नाहीतर यंत्र दुसऱ्या कामाला लागणार. अकरा वीस झाले होते आणि आमच्या इंग्रजी शब्दकोशातल्या ‘बोर्ड’ या शब्दाच्या चौथ्या अर्थाचं कार्ड गायब होतं.

शब्द तात्यांचा. एकतीस वर्षं ते या खोलीत शब्दांची मुळं खणत होते, मलाही काम त्यांनीच शिकवलं. "आधी नुसती फळी," ते रंगात येऊन सांगायचे. "फळीला पाय फुटले, टेबल झालं. टेबलाभोवती बसून ठराव करतात ती मंडळीही बोर्ड, आणि त्यावर वाढलं ते जेवणसुद्धा बोर्डच. फळी बिचारी आहे तिथेच!"

पण हल्ली तात्या विसरत होते. महिन्यात दोनदा घोळ झाला, तेव्हा साहेबांनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "आणखी एक चूक झाली, की तुम्ही घरी."

खणातून कार्ड काढलं की त्या जागी लाल चिठ्ठी ठेवायची: कोणी नेलं, कधी नेलं, परत कधी. नियम तात्यांचाच. तो मोडणाऱ्याची ते बिनपाण्याने करायचे. आज चिठ्ठी नव्हती.

"तात्या, तुम्ही तर नाही ना नेलं?" मी हळूच विचारलं.

"मी? चिठ्ठी न ठेवता? काहीतरीच काय, पोरी!" ते फणकारले खरे, पण लगेच स्वतःचे खिसे चाचपायला लागले.

बाराला दहा कमी असताना मी त्यांची डब्याची पिशवी उघडली. डब्याखाली कार्ड होतं, एका कोपऱ्याला तेल लागलेलं.

तात्या त्याच्याकडे बघत राहिले. "चौथा अर्थ जेवण ना... म्हणून जेवणात लावलं असेल मी." त्यांनी हसायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. "सापडलं? चिठ्ठी कोणी ठेवली नव्हती?"

"मी, साहेब. राहून गेली."

"चौदा वर्षं झाली तुम्हाला इथे! संध्याकाळपर्यंत माफीनामा लिहून द्या."

पान गेलं. तात्या टीपकागदाने कार्डावरचं तेल टिपत बसले. खोटं सांगेन त्यांच्यासाठी मी एकदा नाही दहादा, पण निदान माझ्याकडे बघावं तरी! मला त्यांचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी माझा माफीनामा परत केला. त्याला एक लाल चिठ्ठी टाचली होती. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: चौथा अर्थ, नेणारा मी.

मी धावतच तात्यांच्या टेबलाकडे गेले. टेबल रिकामं होतं. खुर्ची नीट आत सरकवलेली, आणि तिच्यावर आणखी एक लाल चिठ्ठी. ‘कोणी नेलं’समोर त्यांचं पूर्ण नाव. ‘कधी नेलं’समोर कालची तारीख, अगदी अचूक. ‘परत कधी’समोर पट्टीने मारलेली सरळ रेघ.

दुपारी शिपाई खुर्ची न्यायला आला. "साहेबांनी आत मागितलीये."

"नाही नेता येणार," मी म्हटलं. "चिठ्ठी आहे तिच्यावर."